समुद्राने वर टाकलेली : विन्स्लो होमरचे एक चित्र

‘हार्पर्स वीकली’ या न्यूयॉर्कच्या सचित्र साप्ताहिकाच्या २६ एप्रिल १८७३ या तारखेच्या अंकात विन्स्लो होमर या चित्रकाराचे एक चित्र लाकडी ठशावरून छापले गेले. खडकाळ किनारा आहे, त्यामागे समुद्र आहे आणि खडकांवर एका तरुण स्त्रीचा मृतदेह पडलेला आहे. तिचे केस सुटलेले आहेत, भिजलेली वस्त्रे अंगाला चिकटलेली आहेत. किनाऱ्यावरचा एक मच्छीमार तिच्यापाशी येऊन पोचला आहे. चित्राखाली ‘अटलांटिक’ या आगबोटीच्या फुटीचा उल्लेख आणि पुढे पाच शब्द आहेत. त्यांचा मराठीत अर्थ होईल : समुद्राने वर टाकलेली.

की ‘टाकलेले’? मूळ इंग्रजी शब्दरचनेला लिंग नाही. तेथे ते धातुसाधित स्त्रीलाही लागू पडते, प्रेतालाही, फुटक्या फळीलाही आणि एखाद्या रिकाम्या पिंपालाही. मराठीत मात्र शीर्षक उच्चारायचे म्हटले की निवड करावीच लागते. खडकावर जे आहे ते ‘प्रेत’ मानले तर नपुंसकलिंग, ‘स्त्री’ मानली तर स्त्रीलिंग. भाषांतरकाराला क्षणभर अडवणारी ही व्याकरणाची बाब वस्तुतः चित्राच्या गाभ्यापर्यंत पोचते. होमरचे चित्र पाहणाऱ्याला ती देह म्हणून दिसते की व्यक्ती म्हणून, आणि व्यक्ती म्हणून दिसत असेल तर कोण म्हणून, हा प्रश्न इंग्रजी शीर्षकाने मोकळा ठेवला आहे. मराठी वाचकाला तो मोकळा ठेवता येत नाही.

‘अटलांटिक’ ही व्हाइट स्टार लाइन या कंपनीची आगबोट. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ यांच्या गोदीत ती बांधली गेली आणि १८७१ पासून लिव्हरपूल ते न्यूयॉर्क अशा फेऱ्या करू लागली. २० मार्च १८७३ रोजी ती लिव्हरपूलहून निघाली व दुसऱ्या दिवशी आयर्लंडमधील क्वीन्सटाऊन बंदरातून आणखी उतारू घेऊन अमेरिकेच्या दिशेने गेली. उतारूंपैकी बहुसंख्य तळच्या वर्गाचे होते : इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी आणि स्कँडिनेव्हिया येथून कायमचे देशांतर करायला निघालेली माणसे, त्यांत कितीतरी सहकुटुंब. वाटेत हवामान प्रतिकूल राहिले. ३१ मार्च रोजी कोळसा न्यूयॉर्कपर्यंत पुरणार नाही अशी शंका आल्याने कप्तान जेम्स विल्यम्सने बोट नोव्हा स्कोशियातील हॅलिफॅक्स बंदराकडे वळवली. हा किनारा त्याच्या ओळखीचा नव्हता. १ एप्रिलच्या पहाटे, सव्वातीनच्या सुमारास, बोट हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला प्रॉस्पेक्ट गावाजवळच्या खडकांवर आदळली. त्या वेळी कप्तान नकाशांच्या खोलीत झोपला होता.

बोटीवर साडेनऊशेच्या आसपास माणसे होती. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत ५३५ पासून ५६२ पर्यंत दिलेला आढळतो. आकड्याच्या या अनिश्चिततेचे एक कारण उघड आहे. तळच्या वर्गाची यादी कधीच काटेकोर नसे. मात्र एका गोष्टीबद्दल दुमत नाही. बोटीवरच्या सर्व स्त्रिया मेल्या. मुलांपैकी एकच मुलगा वाचला. बोट आदळल्यावर थोड्याच वेळात एका कुशीवर कलली, बचावहोड्या लाटांनी ओढून नेल्या, आणि बोटीच्या मागच्या भागातील बायका व कुटुंबे यांच्यापैकी बहुतेकांना डेकवर येण्याइतकाही अवधी मिळाला नाही. तिसरा अधिकारी कॉर्नेलियस ब्रॅडी दोन सुकाणूदारांसह दोर घेऊन पोहत खडकापर्यंत गेला आणि त्या दोराच्या आधाराने शेकडो पुरुष खडकावर, तेथून बेटावर पोचले. दोर धरून बर्फासारख्या पाण्यातून जाणे हे बळाचे काम होते. हा दोर वाचलेल्यांची आणि न वाचलेल्यांची विभागणी करून गेला, आणि ती विभागणी जवळजवळ संपूर्णपणे पुरुष आणि स्त्रिया अशी झाली.

होमर तेथे नव्हता. दुर्घटना आणि अंकावर छापलेली तारीख यांच्यामध्ये पंचवीस दिवसांचे अंतर आहे. त्या अवधीत वृत्तपत्रांत आलेल्या मजकुरावरून, आणि अर्थातच पूर्वी पाहिलेल्या चित्रांच्या स्मरणातून, त्याने हे दृश्य रचले. अशा प्रकारची चित्रे त्या काळी अशीच होत. सचित्र साप्ताहिकाचा वाचकही ते जाणून असावा. तरीही छापील पानावर, तारखेसह, बातम्यांच्या शेजारी आलेले चित्र साक्षीचा अधिकार सांगत असते. यात फसवणूक आहे असे म्हणणे उथळपणाचे होईल. दोन वर्षांनी, डिसेंबर १८७५ मध्ये, ‘डॉइचलंड’ ही ब्रेमेनहून न्यूयॉर्कला देशांतरितांना घेऊन निघालेली बोट टेम्सच्या मुखाजवळ वाळूत रुतून फुटली, तेव्हा वेल्समध्ये धर्मशास्त्राचा अभ्यास करीत असलेल्या जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्सनेही ती वर्तमानपत्रांतूनच जाणली होती. त्याच्या दीर्घ कवितेचा दर्जा त्यामुळे कोणी कमी लेखलेला नाही. ‘डॉइचलंड’वर बुडालेल्या पाच जोगिणींपैकी एका उंच जोगिणीच्या हाकेभोवती हॉपकिन्सने आपली कविता उभी केली. होमरनेही पाचशेंतून एकच निवडली. फरक एवढाच की हॉपकिन्सची जोगीण बोलते.

चित्र या शब्दाबद्दलही येथे थोडे थांबले पाहिजे. होमरचे मूळ रेखाटन पाहायचे म्हटले तर काय पाहायचे? त्या काळच्या पद्धतीप्रमाणे चित्रकार बॉक्सवुडच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर पांढरा हात देऊन त्यावर पेन्सिलीने वा शाईच्या हलक्या छटांनी रेखाटन करी. मोठ्या पानासाठी लाकडाचे अनेक छोटे तुकडे मागून बोल्टांनी घट्ट जोडलेले असत. काम तातडीचे असले की ते सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांच्या हाती दिले जात, आणि पुन्हा जोडल्यावर सांध्यांवरच्या रेषा एकाच हाताने जुळवून घेतल्या जात. कोरक्या जेथे जेथे पांढरे हवे तेथले लाकूड काढून टाकी, आणि त्याबरोबर रेखाटनही जाई. ठसा तयार झाला म्हणजे चित्रकाराच्या हातचे काहीच उरत नसे. मग त्या ठोकळ्यावरून धातूचा पत्रा घडवून हजारो प्रती छापल्या जात. सारांश, ज्याला होमरचे रेखाटन म्हणावे ते छपाईसाठी नष्ट झाल्याखेरीज वाचकापर्यंत पोचूच शकत नव्हते. मूळ संहिता आणि तिची प्रत या जोडीवर ज्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ विचार केला त्यांना हे उदाहरण आवडले असते. येथे मूळ असे काही नाहीच. प्रती तेवढ्या आहेत, आणि त्यांतल्या रेषांपैकी कोणती होमरची आणि कोणती अनामिक कोरक्याची हे सांगण्याची सोय नाही. होमरला ही रीत चांगली ठाऊक होती. बोस्टनमध्ये शिळाछापखान्यात उमेदवारी करून तो या व्यवसायात आला होता आणि १८५७ पासून ‘हार्पर्स’ला चित्रे पुरवीत होता. यादवी युद्धाची दृश्येही त्याने या पद्धतीनेच वाचकांपुढे ठेवली होती.

आता चित्रातली स्त्री. तिचा देह अक्षत आहे. समुद्राने खडकावर आपटलेल्या, थंड पाण्यात राहिलेल्या शरीराची जी अवस्था होते तिचा मागमूस येथे नाही. डोळे मिटून ती निजली आहे असेही क्षणभर वाटावे. या ठिकाणी त्याच घटनेचा दुसरा, शब्दांतला वृत्तान्त आठवतो. बोटीचा मुख्य अधिकारी जॉन फर्थ हा डोलकाठीच्या दोरखंडांना धरून कित्येक तास लोंबकळत राहिला होता. विल्यम एन्शंट या धर्मोपदेशकाने होडीतून जाऊन, अंगावरचा धोका पत्करून, त्याला सोडवले. फर्थचे निवेदन पुढे वृत्तपत्रांतून फिरले. त्याच्याजवळ त्याच दोरखंडांत एक स्त्री होती. तिने विलक्षण धीराने तग धरला, परंतु मदत पोचण्याच्या काही काळ आधी ती गेली. तिचे जे वर्णन फर्थने केले ते वाचवत नाही. अर्धवट उघडा देह, वटारलेले डोळे, तोंडाला आलेला फेस, आणि या सगळ्याशी विसंगत असे तिच्या हातांवर चमकणारे दागिने.

होमरने हे वाचले होते की नाही हे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की एकाच बोटीवरच्या स्त्रीच्या मृत्यूची दोन रूपे त्या महिन्याभरात छापली गेली, एक शब्दांत आणि एक रेषांत, आणि ती परस्परांना ओळखत नाहीत. शब्द जेथपर्यंत गेले तेथे रेषा जाऊ शकली नाही, किंवा गेली नाही. लेसिंगने ‘लाओकून’मध्ये, १७६६ साली, शिल्पकार वेदनेचा परमोच्च क्षण का टाळतो याची जी मीमांसा केली तिच्या आधारे होमरचे समर्थन करता येईल. दृश्यकलेला एकच क्षण मिळतो, तो टिकणारा असतो, म्हणून तो असा असावा की कल्पनेला त्याच्या मागेपुढे जाता यावे. वटारलेल्या डोळ्यांपुढे कल्पना जाणार कोठे? हे समर्थन खोटे नाही. पण अपुरे आहे, कारण होमरने निव्वळ संयम पाळलेला नाही. त्याने सुंदर स्त्री काढली आहे.

एकोणिसाव्या शतकाला या प्रतिमेची सवय होती. सुंदर स्त्रीचा मृत्यू हा काव्याचा सर्वोत्तम विषय, असे एडगर ॲलन पोने १८४६ च्या आपल्या निबंधात जवळजवळ सूत्ररूपाने सांगून ठेवले होते. टॉमस हुडची १८४४ ची पाण्यातून काढलेल्या अभागिनीवरची कविता घरोघरी माहीत होती. मिलेची ओफिलिया १८५२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आली. दलारोशची टायबर नदीत तरंगणारी ख्रिस्ती हुतात्मा कुमारी १८५५ ची. पाणी, सुटे केस, मिटलेले डोळे, ओली वस्त्रे. होमरच्या चित्रातील देहाची ठेवण या परंपरेतूनच आली आहे. एलिझाबेथ ब्रॉनफेन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या प्रतिमेची विस्तृत चिकित्सा केली. मृत्यूची भीती स्त्रीदेहावर टाकून, तो देह सुंदर करून, पाहणारा आपली भीती सुसह्य करून घेतो, असा त्यांच्या विवेचनाचा एक सूर आहे. होमरच्या चित्राला तो लागू पडतो. तरी त्यात एक गोष्ट बसत नाही. ओफिलिया आणि हुतात्मा कुमारी या कल्पित वा पुराणातल्या. ‘अटलांटिक’वरच्या स्त्रिया तीन आठवड्यांपूर्वीच्या होत्या, आणि त्यांच्यापैकी खरोखरच एकही वाचली नव्हती. इतरत्र जो संकेत असतो तो येथे योगायोगाने म्हणा, दुर्दैवाने म्हणा, वस्तुस्थिती झाला होता. त्या बोटीवरच्या कोणत्याही स्त्रीला किनाऱ्यावर यायचे तर फक्त याच रीतीने येता आले असते. वृत्तान्त म्हणून चित्र बनावट आहे, पण त्यातली ही एक बाब खरी आहे. आणि दोर धरून वाचलेल्या पुरुषांची जी चित्रे इतरांनी काढली त्यांतून ती कळत नाही.

एकाच देहाची निवड का केली, याला आणखी एक बाजू आहे. ऑक्टोबर १८४९ मध्ये आयर्लंडच्या गॉलवेहून निघालेले ‘सेंट जॉन’ हे देशांतरितांचे जहाज मॅसॅच्युसेट्समधील कोहॅसेटजवळ फुटले. दोन दिवसांनी हेन्री डेव्हिड थोरो तेथे पोचला. त्याने खडकांवरची प्रेते पाहिली, पेट्या पाहिल्या, आणि शेवाळ गोळा करीत फिरणारे स्थानिक लोकही पाहिले. पुढे ‘केप कॉड’ या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात त्याने जे लिहिले त्यातले एक विधान आजही अस्वस्थ करते. त्या दृश्याने आपण अपेक्षेइतके हललो नाही, अशी कबुली देऊन तो म्हणतो की एकांत किनाऱ्यावर एकच प्रेत सापडले असते तर त्याचा परिणाम अधिक झाला असता. थोरो साक्षीदार होता, आणि साक्षीदाराला गर्दीपुढे भावना आवरून घ्यावी लागली. होमर साक्षीदार नव्हता, आणि थोरोला जे मिळाले नाही ते एकाकी प्रेत त्याने चितारले. त्याने थोरो वाचला असावा असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. करुणेची हीच जणू अट आहे, ती संख्येपुढे मिटते आणि एकापुढे उघडते, हे दोघांनी स्वतंत्रपणे ओळखले एवढेच.

मराठी अभ्यासकाला येथे साधारणीकरणाची कल्पना सुचणे अगदी स्वाभाविक आहे. रंगभूमीवरची शकुंतला ही कण्वाची कन्या, दुष्यंताची पत्नी या विशेषांपासून सुटते, म्हणूनच तिचे दुःख प्रेक्षकाला रसरूपाने अनुभवता येते. शोक हा लौकिक भाव, करुण हा रस, आणि दोहोंमध्ये हे विशेषांचे गळून पडणे. अभिनवगुप्ताच्या या विवेचनाचा आधार घेऊन होमरची स्त्री अनामिक आहे हेच तिचे कलात्मक बळ, असे म्हणता येईल, आणि अनेकांना ते पटेलही. परंतु जरा थांबून विचार केला की या तर्कात एक फट दिसते. साधारणीकरणात जे गळून पडायचे ते आधी असावे लागते. शकुंतलेला नाव आहे, आश्रम आहे, सख्या आहेत, अंगठी आहे. चार अंक त्यांनी भरले आहेत. मग रसिकाच्या मनात ती विशेषांतून मुक्त होते. खडकावरच्या स्त्रीला असे काहीही कधी दिलेच गेले नाही. तिची अनामिकता कलेने घडवलेली नाही, कलेला ती आयती मिळाली आहे. अर्धवट यादी, एकमेकांशी न जुळणारे मृतांचे आकडे, मालकी सांगायला कोणी न आलेली प्रेते, यांतून ती आलेली आहे. तिचे तिकीट जर पहिल्या वर्गाचे असते तर तिला नाव असते, कदाचित छायाचित्रही छापले गेले असते, आणि मग हे चित्र असे काढता आले नसते. सौंदर्यशास्त्राने ज्याला सार्वत्रिकता म्हटले असते ते येथे दारिद्र्याचे दुसरे नाव ठरते. दोन्ही एकाच रेषेने काढता येतात, ही या चित्राची अडचण आहे, आणि त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा यावेसे वाटते ते बहुधा यामुळेच.

शीर्षकातल्या कर्त्याबद्दल आणखी थोडे. ‘समुद्राने’ वर टाकलेली. कर्मणी रचनेत कर्ता तृतीयेत जातो, पण जात नाही तो नाहीसा. येथे क्रिया समुद्राची आहे. हा शब्दप्रयोग वाचकांच्या कानांवरून आधीही गेला असावा. सॅम्युअल बेकर यांची त्याच नावाची साहसकथा १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. शीर्षक चित्रकाराने दिले की संपादकाने, हा प्रश्न गौण आहे. त्याच एप्रिलमध्ये हॅलिफॅक्सला झालेल्या चौकशीत समुद्राविषयी फारसे काही विचारले गेले नाही. विचारले गेले ते कोळशाविषयी, टेहळणीविषयी, अनोळखी किनाऱ्याकडे जाताना पाण्याची खोली का मोजली नाही याविषयी. कप्तान विल्यम्सचा परवाना दोन वर्षांसाठी निलंबित झाला. फुटीनंतर माणसे वाचवताना त्याने दाखवलेल्या धैर्यामुळे शिक्षा सौम्य ठेवली गेली. कोळसा खरोखर अपुरा होता की नाही यावर पुढेही वाद चालू राहिला. चौकशीच्या गद्यात कर्ते आहेत : कंपनी, कप्तान, अधिकारी. चित्राच्या शीर्षकात एकच कर्ता आहे आणि तो कोणत्याही न्यायालयात उभा राहणार नाही. चित्र पाहून जो हळहळतो त्याला कोणावर रागावण्याची गरज उरत नाही. ही गोष्ट होमरच्या विरुद्ध जाते, आणि ती तशीच नोंदवली पाहिजे.

आणि तो मच्छीमार. जहाजफुटीकडे किनाऱ्यावरून पाहणाऱ्याची प्रतिमा पाश्चात्त्य विचारात फार जुनी आहे. लुक्रेशियसच्या काव्याच्या दुसऱ्या सर्गाचा आरंभ तिनेच होतो. दुसऱ्याचे हाल सुखद वाटतात ते दुष्टपणाने नव्हे, आपण त्यांतून मुक्त आहोत या जाणिवेने, असे तो म्हणतो. हान्स ब्लूमेनबर्ग यांनी १९७९ मध्ये या एका रूपकाचा दोन हजार वर्षांचा प्रवास लिहिला आणि पाहणाऱ्याची सुरक्षित जागा कशी कशी ढासळत गेली ते दाखवले. होमरचा मच्छीमार या मालिकेत चमत्कारिक जागी आहे. तो दूर उंचावर उभा नाही. त्याच ओल्या खडकांवर त्याचे पाय आहेत. तो मदतीला आला आहे, पण मदतीची वेळ उलटून गेली आहे. त्याला करता येण्याजोगे एकच उरले आहे, आणि तेच पाहणाऱ्यालाही करता येते, ते म्हणजे पाहणे.

त्या पाहण्यात एक अप्रिय शक्यताही मिसळलेली आहे. प्रेतांवरच्या मौल्यवान वस्तू लुटल्या गेल्याचे आरोप दुर्घटनेनंतर वृत्तपत्रांतून झाले. ते कितपत खरे होते हा इतिहासकारांचा विषय. परंतु अंक हाती घेतलेल्या वाचकाने ते वाचले असण्याची शक्यता होती, आणि मग खडकावर एकट्या स्त्रीच्या देहापाशी पोचलेल्या पुरुषाची आकृती इतकी निरपवाद राहत नाही. ती करुणेची आहे असे चित्र सांगते; परंतु ते सिद्ध करीत नाही. प्रॉस्पेक्ट आणि टेरेन्स बे येथील लोकांवर हा अन्यायच म्हणायचा, कारण त्यांनी आपल्या छोट्या होड्या घालून माणसे काढली आणि शेकडो परक्यांना घरांत घेऊन ऊब व अन्न दिले. त्या घरांतल्या बायका होमरच्या चित्रात नाहीत. चूल पेटवणारी, गोठलेल्या माणसाचे पाय चोळणारी स्त्री खडकावर दिसण्याचे कारणही नव्हते, हे खरे. तरी त्या किनाऱ्याला स्त्री म्हणून जी एकच आकृती मिळाली ती मेलेली आहे.

दुसऱ्या एका देहाची बातमीही त्या दिवसांत छापून आली, आणि ती चित्रात येणे शक्यच नव्हते. बोटीवरच्या खलाशांपैकी एकाचे प्रेत सापडले तेव्हा तो पुरुष नसून वीस-पंचवीस वर्षांची तरुणी होती असे कळले. पुरुषी वेशात तिने या आधीही फेऱ्या केल्या होत्या. तिच्या एका सोबत्याचे म्हणणे वृत्तपत्रांनी दिले. इतरांबरोबर नेमाने दारूचा वाटा घेणारा, तंबाखू मागणारा नाहीतर चोरणारा तो गडी चांगला होता, आणि तो बाई निघाला याचे त्याला वाईट वाटत होते. या बोलण्यात सर्वनाम शेवटपर्यंत पुल्लिंगीच राहिले. बातमी किती खरी आणि किती रंगवलेली हे ठरवणे कठीण आहे. पण तिच्यातला सोबती एका विशिष्ट माणसाबद्दल बोलतो आहे, त्याच्या सवयींबद्दल, उसन्या तंबाखूबद्दल. आणि ओली वस्त्रे, सुटे केस, मिटलेले डोळे यांतले काहीही तेथे नाही. होमरच्या चित्राशेजारी ही चार वाक्यांची बातमी ठेवली की चित्रात कशाची उणीव आहे ते कळते. त्या स्त्रीला सवयी नाहीत.

होमर या विषयाकडे परत आला. ‘हार्पर्स वीकली’साठी त्याने १८७५ नंतर काम केले नाही. १८८१ मध्ये तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलरकोट्स या मच्छीमारांच्या गावी जाऊन राहिला. तेथे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘आयर्न क्राउन’ नावाच्या जहाजाची फूट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली व जलरंगात उतरवली. १८८४ मध्ये त्याने ‘द लाइफ लाइन’ हे तैलचित्र केले. खवळलेल्या लाटांवर ताणलेल्या दोरावरून सरकणारी बचावझोळी, तिच्यात एक पुरुष, आणि त्याच्या मिठीत बेशुद्ध, भिजलेली एक स्त्री. अकरा वर्षांपूर्वी खडकावर टाकलेली तीच जणू येथे जिवंत सापडली आहे. ‘अटलांटिक’वर जो दोर फक्त पुरुषांच्या उपयोगी पडला त्यावरून येथे स्त्री आणली जात आहे. वाऱ्याने उडालेल्या लाल वस्त्राने तिला वाचवणाऱ्याचा चेहरा झाकलेला आहे. हे झाकणे होमरने मुद्दाम योजले असणार, कारण चित्रात अन्यत्र तो वाऱ्यावर काहीच सोडत नाही. नाव आता त्यालाही नाही. करुणेसाठी अनामिकता लागत असेल तर ती दोघांनी वाटून घ्यावी, अशी ही व्यवस्था वाटते. १८७३ च्या चित्रात ती एकट्या तिच्या वाट्याला आली होती.

टेरेन्स बे येथील दफनभूमीत १९०५ मध्ये एक स्मारकशिला उभारण्यात आली. प्रेते पुरताना पंथाप्रमाणे ती वेगळी केली गेली होती, कॅथलिकांना प्रॉस्पेक्टकडे निराळी जागा मिळाली होती. ही शिला अँग्लिकन बाजूची. तिच्यावरचा लेख त्रोटक आहे. बोट जवळच फुटली, तारीख १ एप्रिल १८७३, मेले ५६२, त्यांपैकी या आवारात पुरले २७७. पुढे हे स्मारक काही थोड्या मित्रांनी उभारल्याचे सांगितले आहे, आणि त्या मित्रांना जे विशेषण लावले आहे त्याला मराठीत ‘सहृदय’ याहून जवळचा शब्द सापडत नाही. साहित्यशास्त्रात हा शब्द रसिकासाठी राखून ठेवलेला आहे. शिलालेखात त्या सहृदयांचीही नावे दिलेली नाहीत.